नाशिक–ऑकलंड, व्हाया सिंगापूर

ऑकलंड
शनिवार, १२ जुलै २०२५, सायं. ६.२०

ती. पप्पांस,
सप्रेम जयभीम.

तुमच्या अटीप्रमाणे हाताने लिहिते आहे, वर तारीख-वेळ टाकली आहे आणि कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते आहे. व्हिडिओ कॉलवर तुम्ही "बाकी ठीक" म्हणून छताकडे बघत बसता. आई गेल्यापासून पाच वर्षांत फोनवर जेवढं बोलला नाहीत तेवढं एका पत्रात लिहिता, म्हणून मीही आता पत्रच लिहिणार.

मुद्द्याचं लिहिते. डॉक्टरांनी ५ नोव्हेंबर तारीख दिली आहे. तुमचा व्हिसा येऊन महिना झाला. तुम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला या आणि बाळाचं करून, नाकं मुरडून, दिनेशच्या हातचं वरण खाऊन फेब्रुवारीत परत जा. लांब आहे, लांब आहे असं गेल्या वेळी म्हणालात म्हणून इंटरनेटवर पाहिलं. सोबत त्या पानाचा फोटो जोडला आहे. नाशिक ते ऑकलंड १२,२०० किलोमीटर, विमानाने १५ तास ४५ मिनिटं. नाशिक डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून चौतीस वर्षं बसलात, डबल ड्युटी याहून मोठी व्हायची तुमची. एक डबल ड्युटी करायची आणि लेकीकडे उतरायचं, एवढंच आहे.

तुमची
संजू

&nbsp;

इंदिरानगर, नाशिक
मंगळवार, १५ जुलै २०२५, स. ९.०५

चि. संजनास,
सप्रेम जयभीम.

पत्र व जोडपत्र मिळालं. जोडपत्राबाबत गंभीर आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप असा की नाशिकहून, म्हणजे ओझरहून, ऑकलंडला विमानच सुटत नाही. मग हे पंधरा तास पंचेचाळीस मिनिटं कोणत्या गाडीचे? मी त्या पानावर नाशिक ते हरसूल टाकून पाहिलं. तिथे त्यांनी तुझ्या फुलाआत्याच्या घरी विमानाने चौतीस मिनिटांत पोचवलं. आत्याच्या दारात अजून रिक्षा नीट वळत नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे लोक नकाशावर पट्टी ठेवतात, किलोमीटरला आठशेने भागतात आणि वर अर्धा तास मिळवतात. चौतीस वर्षांत असा रनिंग टाइम कोणी माझ्यासमोर ठेवला असता तर त्याला मी चहा पाजून परत पाठवला असता. मी त्यांना रीतसर लिहिलं आहे की आपण दाखवलेल्या नाशिक-ऑकलंड फेरीची सुटण्याची वेळ व फलाट क्रमांक कळवावा. अद्याप उत्तर नाही.

खरा हिशेब मी मांडला आहे. इंदिरानगर ते मुंबई विमानतळ साडेचार तास. तिथे तीन तास आधी हजेरी. मुंबई-सिंगापूर साडेपाच. सिंगापूरला हॉल्ट चार. सिंगापूर-ऑकलंड पावणेदहा. तिकडे शिक्का, सामान, चौकशी मिळून दीड. तुझ्या दारापर्यंत पाऊण. एकूण एकोणतीस तास. प्रवाशाला पंधरा सांगून एकोणतीस तास बसवायचं हे आपल्याकडे चालत नाही.

शिवाय विहारात पावसाळाभर चालणारं वर्षावासाचं ग्रंथवाचन माझ्याकडे आहे. ते अश्विन पौर्णिमेला संपतं. अर्ध्यात सोडून कसा येऊ? तब्येतीला जप. दिनेशरावांना जयभीम सांग.

तुझा
पप्पा

&nbsp;

ऑकलंड
शनिवार, १९ जुलै २०२५, सायं. ५.४०

ती. पप्पांस,
सप्रेम जयभीम.

एकोणतीस तास मंजूर नाहीत. पहाटे निघालात तर मुंबई साडेतीन तासांत होते, एक तास कमी करा. विमानतळावर दोन तास आधी गेलं तरी कोणी हाकलत नाही, अजून एक गेला. सिंगापूरला दोन तासांच्या हॉल्टचं विमान मिळतं, दोन वाचले. इकडे म्हाताऱ्या माणसांना रांगेतून पुढे काढतात, म्हणजे दीडाचे पाऊण तास. सव्वाचोवीस झाले. एक दिवस आणि पंधरा मिनिटं. तुम्ही माझ्या लग्नात मांडवात याहून जास्त वेळ उभे होतात.

म्हातारा म्हटल्याबद्दल रागावू नका, रांगेच्या सोयीसाठी म्हटलं. आणि वाचनाला उज्वलाकाकू आहेत. त्यांचा आवाज तुमच्यापेक्षा बरा आहे, हे अख्ख्या कॉलनीला माहीत आहे.

तुमची
संजू

&nbsp;

इंदिरानगर, नाशिक
रविवार, २७ जुलै २०२५, स. १०.१५

चि. संजनास,
सप्रेम जयभीम.

तू कापलेली मिनिटं परत लावत आहे. माझ्या टेबलावर तरुण कंडक्टर अशीच मिनिटं कापून आणायचे आणि मग संध्याकाळी लेट का आलात याची कारणं लिहायचे. सुटायची वेळ पुढेमागे होते, गाडीला लागायचा तेवढाच वेळ लागतो. उलट कसारा घाटात ट्रक आडवा झाला तर एक तास, आणि सिंगापुरात मी चुकीच्या फाटकाशी जाऊन बसलो तर एक तास, असे दोन वाढवत आहे. एकतीस झाले.

आता खरी अडचण लिहितो. सिंगापूर ते ऑकलंड पावणेदहा तास मध्ये एकही थांबा नाही. ही गाडी कोणी पास केली मला कळत नाही. दर दोन-अडीच तासांनी माणसाला खाली उतरून पाय मोकळे करता आले पाहिजेत, हवा खाता आली पाहिजे. इथे मध्ये उतरायचं म्हटलं तर खाली समुद्र. मी तुझ्या बाळाला एक वर्षाचं झाल्यावर इकडे बघेन. तोवर फोटो पाठवत जा. बाळंतपणाला तिकडचे दवाखाने चांगले असतात असं सगळे म्हणतात, आणि दिनेशराव आहेतच.

फुलाआत्याने नागलीचं पीठ दिलं आहे. पार्सलने पाठवतो. ते मात्र विमानाने येईल.

तुझा
पप्पा

&nbsp;

ऑकलंड
बुधवार, ६ ऑगस्ट २०२५, स. ११.१०

ती. पप्पांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं बरोबर आहे. एकतीस तास फार होतात. तुम्ही येऊ नका. इकडे सगळं व्यवस्थित आहे, दिनेश सोबत आहे, दवाखाना जवळ आहे. काळजी करू नका.

पिठाची वाट बघते.

तुमची
संजू

&nbsp;

इंदिरानगर, नाशिक
शनिवार, ९ ऑगस्ट २०२५, स. ७.३०

चि. संजनास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मी तीन दिवस टेबलावर ठेवलं होतं.

सव्वाचोवीसवरून मी एकतीस केले आणि तू एकही मिनिट कापलं नाहीस. लहानपणी आंघोळीला पाच मिनिटं दिली तर सात मागणारी तू. जो प्रवासी रोज खिडकीशी येऊन भांडतो तो एक दिवस गप्प तिकीट घेऊन गेला, तर आम्ही कंडक्टरला सांगायचो की याच्याकडे लक्ष ठेव, याला बरं नाही.

दुसरं असं की तुझी आधीची दोन्ही पत्रं शनिवारी संध्याकाळची. हे बुधवारी सकाळी अकरा दहाचं. तुझं ऑफिस आठला सुरू होतं. धावायच्या वेळी गाडी डेपोत उभी दिसली तर मी कधी चालकाला विचारत बसलो नाही, सरळ वर्कशॉपला फोन केला. आणि फोटोत कागदाखाली टेबल नाही, गोधडी आहे. तुझ्या आईची, हिरव्या काठाची.

काय बिघाड आहे ते लिही. "बाकी ठीक" हे मी म्हणायचं वाक्य आहे, तू म्हणू नकोस.

पप्पा

&nbsp;

ऑकलंड
रविवार, १० ऑगस्ट २०२५, दु. १.००

ती. पप्पांस,
सप्रेम जयभीम.

तुम्ही निवृत्त झालात हे एसटीने उगीच होऊ दिलं.

लिहिते. बाळाची वार गर्भाशयात खाली आहे. चार तारखेला अंगावरून थोडं रक्त गेलं. डॉक्टरांनी कामावर जायचं बंद केलं, उचलायचं नाही, धावायचं नाही, जमेल तेवढं पडून राहायचं. पुन्हा तसं झालं तर दवाखान्यात ठेवून घेतील आणि ऑपरेशन करून तारखेच्या आधीच बाळ काढतील. दिनेशला याच महिन्यात दुसऱ्या गावच्या प्लांटवर टाकलं आहे. तो सोमवारी जातो आणि गुरुवारी रात्री येतो. सुट्टी आहे, पण ती बाळासाठी राखून ठेवली आहे. मधले दिवस मी एकटी असते. मला भीती वाटते, पप्पा. दुपारी जास्त वाटते, कारण दुपारी या गल्लीत माणूस दिसत नाही.

तरीही तुम्ही येऊ नका असंच म्हणते, आणि त्याचं कारण एकतीस तास नाही. मला माहीत आहे की तुम्हाला गाडी लागते.

मी आठ वर्षांची होते. आत्याकडे हरसूलला निघालो होतो. आई, मी, तुम्ही, तिघं पहिल्यांदाच एका गाडीत. तुम्ही महिरावणीला उतरलात आणि म्हणालात की हा थांबा तपासायचा आहे, तुम्ही पुढे व्हा. मी मागच्या काचेतून बघत होते. तुम्ही झाडाला धरून ओणवे झाला होतात. आईने माझं तोंड पुढे वळवलं आणि म्हणाली, बघितलं नाही असं समज, त्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे. त्यानंतर तुम्ही सगळीकडे सायकलने आलात आणि आम्ही दोघी तुम्हाला ड्युटी असते असं सगळ्यांना सांगत राहिलो. मी जुलैमध्ये या म्हटलं तेव्हा तुम्ही हिशेब मांडणार आणि नाही म्हणणार हे मला ठाऊक होतं. हिशेबाची मजा येत होती म्हणून मी मिनिटं कापत होते. आता गंमत राहिली नाही, म्हणून थांबले. पंधरा किलोमीटरला ज्याची ती अवस्था होते त्याला मी बारा हजार किलोमीटर बसवणार नाही.

तुमची
संजू

&nbsp;

ऑकलंड
शनिवार, ३० ऑगस्ट २०२५, दु. ३.४५

ती. पप्पांस,
जयभीम.

वीस दिवस झाले. तुमचं पत्र नाही, फोन केला तर "विहारात आहे" म्हणून ठेवता. मी ते लिहायला नको होतं का? आईने सांगितलं होतं, बघितलं नाही असं समज. मी ते सव्वीस वर्षं पाळलं आणि एका पत्रात घालवलं. रागावला असाल तर तसं लिहा, पण लिहा.

काल फुलाआत्याचा फोन आला होता. ती म्हणाली, "संजू, तुझा बाप हरसूलला आला ना, यष्टीतनं उतरला गं. मला वाटलं कोन गेलं का काय. त्वांड पांढरंफटक, हातात पिशवी. पानी दिलं तर म्हनतो, किती वाजले ते सांग आधी. लिहून घेतलं आन् तासाभरानं परत त्याच गाडीत जाऊन बसला. लय इचित्र वागतोय, बघ बाई." आणि हे तिसऱ्यांदा झालं म्हणे. काय चाललं आहे?

संजू

&nbsp;

इंदिरानगर, नाशिक
सोमवार, १ सप्टेंबर २०२५, स. ८.००

चि. संजनास,
सप्रेम जयभीम.

रागावलो नव्हतो. लाज वाटत होती. तुझं पत्र वाचून मी तुझ्या आईच्या फोटोसमोर बसलो आणि म्हटलं, तुला माहीत होतं तर निदान आल्याचा तुकडा तरी बरोबर द्यायचास. मी समजत होतो की दोघींपासून लपवलं. चौतीस वर्षं लोकांना गाड्यांत बसवलं, वेळेवर सोडलं, आणि स्वतः सीबीएस स्टँडच्या फाटकातून सायकलवर बाहेर पडलो. डेपोत कळलं असतं तर माझी टिंगल झाली असती, नोकरी गेली नसती. ते तुझ्या आईला मी कधी स्पष्ट सांगितलं नाही.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ट्रायल घेत आहे. नवीन मार्ग सुरू करण्याआधी ट्रायल घ्यावी लागते. अहवाल असा:

११ ऑगस्ट, नाशिक-त्र्यंबक. महिरावणीपर्यंत टिकलो, तिथे उतरलो. परत चालत.
१३ ऑगस्ट, तोच मार्ग. महिरावणी पार, अंजनेरीला उतरलो.
१६ ऑगस्ट, त्र्यंबकपर्यंत पोचलो. उलटीची पिशवी एक.
१९ ऑगस्ट, डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी अर्ध्या मिनिटात गोळी लिहून दिली. अर्ध्या मिनिटात. मी चौतीस वर्षं विचारलं नव्हतं.
२१ ऑगस्ट, गोळीसह हरसूल. पिशव्या दोन.
२५ ऑगस्ट, हरसूल. पिशवी एक.
२९ ऑगस्ट, हरसूल. पिशवी घडी केलेली परत आणली.

हरसूलच्या गाडीवर चालक म्हणून नवनाथ असतो. पोरसवदा होता तेव्हा मी त्याला सात मिनिटं उशीर झाला म्हणून जबाब लिहायला लावला होता. पहिल्या दिवशी मला ओणवं बघून तो म्हणाला, "सायेब, आमचे जबाब घेतले अन् तुमाला सोताला यष्टी सोसत नाय?" सगळी गाडी हसली. मी मान खाली घालून बसलो. पण मग त्यानेच मला पुढच्या सीटवर घेतलं आणि म्हणाला, "बाजूच्या झाडांकडं नका बघू, सायेब. लांब बघा. लय लांब, डोंगराच्या पार." त्याने घाटात गाडी इतकी हळू नेली की आम्ही अकरा मिनिटं लेट पोचलो. मी वेळ लिहून घेतली, जबाब मागितला नाही.

तिकीट काढलं आहे. १४ सप्टेंबर. पौर्णिमेपर्यंत थांबत नाही, वाचन उज्वलाताईंकडे दिलं. त्या लगेच हो म्हणाल्या, जरा जास्तच लगेच. तू आता येऊ नका असं लिहू नकोस. मार्ग मंजूर झाला आहे.

तुझा
पप्पा

&nbsp;

सिंगापूर विमानतळ
रविवार, १४ सप्टेंबर २०२५, तुमच्याकडे किती ते तू बघ

चि. संजनास,

पहिला टप्पा संपला. मुंबई-सिंगापूर वेळेच्या बारा मिनिटं आधी पोचलो. विमान वेळेआधी आणून फलाट मोकळा नाही म्हणून बाहेर उभं ठेवलं, हे दृश्य ओळखीचं होतं. कसाऱ्याला पिशवी एक. विमानात वर चढताना एक. नंतर नाही. लांब बघ म्हणाला होता नवनाथ, तर खिडकीतून ढगांच्या पार बघत बसलो.

आता पावणेदहा तासांचा टप्पा आहे, न थांबता. फाटकाशी दोन तास आधीच येऊन बसलो आहे, समोर विमान उभं दिसतं. संजू, मला भीती वाटते आहे. हे मी कोणाला कधी लिहिलं नाही. पण तू मला दुपारची भीती लिहिलीस, तर मीही लिहायला हरकत नाही. तुझ्या आईच्या शेवटच्या दिवशी दवाखाना घरापासून चार किलोमीटरवर होता. मी सायकलवर सतरा मिनिटांत पोचलो होतो आणि ती माझ्या आधी गेली होती. एकतीस तासांचा हिशेब करताना दर वेळी मला ती सतरा मिनिटंच दिसायची. वाटायचं, इतक्या जवळून पोचलो नाही, तर एवढ्या लांबून काय पोचणार. म्हणून म्हणालो होतो की वर्षाने बघेन.

बोलावत आहेत. निघतो.

पप्पा

&nbsp;

ऑकलंड, दवाखाना
मंगळवार, २३ सप्टेंबर २०२५, स. ९.५०

ती. पप्पांस,
सप्रेम जयभीम.

सिंगापूरच्या पत्राचं उत्तर द्यायचं राहून गेलं. तुम्ही आलात त्या दिवशी मी दारातच उभी होते, आणि तुम्ही आधी भिंतीवरचं घड्याळ बघितलंत, "एकतीस तास वीस मिनिटं" म्हणालात आणि चपला ठेवायच्या बाकावर बसून रडलात. मग मीही रडले. दिनेश दोन्ही बॅगा हातात घेऊन बिचारा उभाच होता. पिशव्या किती लागल्या हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही, तो म्हणतो साहेबांनी आकडा गोपनीय ठेवला आहे.

त्यानंतर चार दिवस तुम्ही स्वयंपाक केलात, नागलीच्या भाकरी थापल्यात, दुपारी माझ्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचलात. आपण दोघं फारसं बोललो नाही. समोरासमोर आपल्याला ते कधी जमलं नाही. पण दुपार जायची. शुक्रवारी दोन वाजता पुन्हा अंगावरून गेलं तेव्हा, तुमच्यासाठी सोमवारी थांबून मंगळवारी प्लांटवर गेलेला दिनेश परतीच्या निम्म्या रस्त्यात होता आणि घरात तुम्ही होतात. मी घाबरून काहीतरी बडबडत होते. तुम्ही पत्ता, महिना, रक्तगट, दार कुठल्या बाजूला, हे सगळं तुमच्या त्या इंग्रजीत फोनवर सांगितलंत, एका दमात, जसं स्टँडवर गाडी लागल्याचं पुकारायचात तसं. अँब्युलन्समध्ये तुम्ही माझा हात धरून, गाडीच्या उलट्या दिशेला तोंड करून बसला होतात. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं. बाळ बरं आहे. आता ऑपरेशनपर्यंत मला इथेच ठेवणार आहेत, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात.

पप्पा, आईच्या वेळी तुम्ही उशीर केला नव्हता. सतरा मिनिटांत चार किलोमीटर त्या वयात कोणी सायकल मारत नाही. ती थांबली नाही, त्यात तुमची चूक नव्हती. हे मला पाच वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं.

आज सकाळी नवीन नर्स फॉर्म भरायला आली होती. ऑपरेशननंतर तुला बघायला नवऱ्याशिवाय घरचं कोण आहे, असं तिने विचारलं. मी म्हटलं, माझे वडील. तिने जुना कागद चाळला. त्यावर ऑगस्टमध्ये मीच सांगितलेलं लिहिलं होतं की घरचे सगळे भारतात आहेत. तिला वाईट वाटलं असावं. हळूच म्हणाली, मग काही झालं तर त्यांना इथे यायला किती वेळ लागेल?

मी दाराकडे बोट केलं आणि म्हटलं, बाहेर बाकावर बसलेत, हाक मारू का?

तुमची
संजू